दातांत फ्लॉस फिरवायचं हातातलं साधन घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दातांच्या फटी पुसायचा धागा, म्हणजे फ्लॉस, धरणारं छोटं साधन स्वतः तयार करून पाहणारे बरेच जण असतात: अभियांत्रिकीचे आणि उत्पादनरचनेचे विद्यार्थी, थ्रीडी प्रिंटर घेऊन बसलेले हौशी लोक, आणि आईची बोटं वाकेनाशी झाली म्हणून मुठीला काहीतरी जोडून देणारी मुलं. मीही त्यातलाच. त्यांच्याकडून तेच तेच प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांत खरंच पुष्कळ दडलेलं आहे.

प्रश्न: धागा दोन बोटांना गुंडाळून काम होतं. मग वेगळं साधन कशाला?

ज्यांना बोटांनी जमतं त्यांनी खुशाल बोटांनी करावं. त्याहून चांगलं साधन अजून माझ्या पाहण्यात नाही. पण दोन्ही हात तोंडात घालून, शेवटच्या दाढेमागे धागा नेऊन, तो दाताभोवती वळवणं सगळ्यांना जमत नाही. संधिवात असतो, हात थरथरतो, एकच हात चालतो, तोंड कमी उघडतं किंवा दुसऱ्याच्या तोंडात धागा फिरवायचा असतो. कंटाळा हेही कारण आहेच, आणि रचनाकाराने त्याला कमी लेखू नये. आडवं आलेलं साधन आठवड्याभरात खणात जाऊन पडतं.

प्रश्न: या साधनाने नेमकं करायचं काय असतं?

दोन कामं, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध. सगळी गंमत इथेच आहे.

शेजारचे दोन दात वरच्या भागात एकमेकांना टेकलेले असतात. त्या जागेखाली तिकोनी पोकळी असते आणि तिच्यात हिरडीचं टोक वर आलेलं असतं. ब्रशचे केस या पोकळीच्या दोन्ही भिंतींवर नीट पोचत नाहीत. तिथे साचणारा जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, पुसून काढायला धागा लागतो. पहिलं काम त्या घट्ट टेकलेल्या जागेतून धागा आत नेण्याचं. त्यासाठी तो ताठ हवा. दुसरं काम धागा दाताच्या गोलाईला बिलगवून, हिरडीच्या काठाखाली जरासा उतरवून, वर-खाली पुसण्याचं. त्यासाठी तो सैल हवा.

बोटं हे न सांगता करतात. आत जाताना ताणतात, आत गेल्यावर ढिली सोडतात. बाजारातली बहुतेक साधनं पहिल्याच कामासाठी बनलेली असतात. धागा आत जातो, बाहेर येतो आणि माणसाला वाटतं की झालं. प्रत्यक्षात अडकलेला कण निघालेला असतो, भिंतीवरचा थर मात्र तसाच. तुमचं साधन दुसरं काम कसं करणार, हे पहिल्या कच्च्या चित्रापासून ठरवा.

प्रश्न: डोक्याची मापं किती धरावीत?

ज्या दुबेळक्यात धागा ताणलेला असतो त्याला मी बेचकं म्हणतो, आणि त्याच्या दोन टोकांना शिंगं. शिंगांमधलं अंतर सर्वांत रुंद दाढेवरून ठरतं. गाल ते जीभ या दिशेने मोठी दाढ साधारण १० ते ११ मिमी रुंद असते. दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवली की १६ मिमीच्या आसपास येता. बेचक्याची खोली दाताच्या उंचीवरून काढायची. दाढेचा दिसणारा भाग ७-८ मिमी, समोरच्या वरच्या दाताचा १० मिमीच्या पुढेही जातो. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली खाच १ ते ३ मिमी खोल असते. हे सगळं धरून १३ ते १५ मिमी खोली पुरते. त्याहून कमी ठेवलीत तर बेचक्याचा तळ दातावर आपटतो आणि धागा खाली पोचतच नाही.

जास्त मोठं केलं तर? मग गाल आणि दाढ यांच्यामध्ये शिंग शिरत नाही. तिथे जागा किती कमी आहे ते करंगळी घालून बघा. तोंड मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि जागा आणखी घटते. म्हणून शिंगाची गालाकडची बाजू चपटी आणि गुळगुळीत हवी. मोठ्या माणसाचं तोंड समोरच्या दातांमध्ये ४० ते ५० मिमी उघडतं, पण मागे दाढांपाशी तेवढी उंची मिळत नाही. डोक्याची एकूण उंची २० मिमीच्या आत ठेवा असं मी सांगतो.

प्रश्न: धागा अगदी घट्ट बांधला तरी वापरताना झोळ पडतो. काय चुकतं?

बहुधा काही चुकत नाही, भूमिती आडवी येते. शिंगांमध्ये १६ मिमी अंतर आहे असं धरा. धाग्याची लांबी त्यापेक्षा फक्त अर्धा मिमी जास्त झाली तर मध्यावर २ मिमी झोळ पडतो. १ मिमी जास्त झाली तर जवळपास ३ मिमी, २ मिमी झाली तर ४ मिमीच्या वर. गाठ जराशी सरकली, शिंगं केसभर आत झुकली, धागा ओला होऊन किंचित लांबला, एवढ्यानेच काम बिघडतं. कपडे वाळत घालायच्या दोरीचा अनुभव आठवा. कितीही ओढून बांधा, एक ओली चादर टाकली की ती खाली येतेच.

आता बळाचा हिशोब. दात घट्ट टेकलेले असतील तर धाग्याच्या मध्यावर समजा ५ न्यूटन, म्हणजे साधारण अर्ध्या किलोच्या वजनाइतका जोर पडतो. झोळ ३ मिमी असेल तर धाग्यातला ताण ७ न्यूटनच्या आसपास असतो. झोळ १ मिमीच राहू द्यायचा म्हटलं तर तोच ताण २० न्यूटन होतो. धागा जितका सरळ ठेवायचा, तितकी शिंगं जोराने आत ओढली जातात. सूत्र सोपं आहे: ताण म्हणजे मधला जोर गुणिले अंतर, भागिले झोळीची चौपट. झोळ लहान असेपर्यंत ते चालतं.

प्रश्न: मग शिंगं जाड केली की झालं ना?

मलाही तसंच वाटलं होतं. एक नमुना घेऊ: शिंगं पॉलिप्रोपिलीन या चिवट प्लास्टिकची, १५ मिमी लांब, वाकण्याच्या दिशेने ४ मिमी जाड आणि २.५ मिमी रुंद. धागा सरळ बांधलेला, पण आधी ताण दिलेला नाही. मध्यावर ५ न्यूटन पडले की शिंगं आत झुकतात, धागा सैल होतो, ताण उतरतो आणि अडीच मिमीच्या आसपास झोळ पडून तोल साधतो. आता जाडी ४ वरून ५ मिमी केली. शिंगाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. झोळ किती कमी झाला? अडीचवरून दोनच्या जरा वर, एवढाच. दुप्पट ताठपणा आणि नफा अर्धा मिमी. वर शिंग जाड झालं म्हणून गालात शिरेना.

त्याऐवजी पहिलंच ४ मिमीचं शिंग ठेवा आणि धाग्याला आधीपासून १० न्यूटन ताण देऊन ठेवा. झोळ दीड मिमीच्या आसपास येतो. (हे सगळे आकडे ढोबळ आहेत. धागा स्वतः ताणत नाही आणि बेचक्याचा बुंधा हलत नाही असं धरलं आहे.) म्हणजे खरं उत्तर जाडीत नसून आधीच्या ताणात आहे. धनुष्याला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. वाकवून प्रत्यंचा चढवली की लाकूड स्वतःच दोरी ताणून धरतं.

आणि हो, लवचीक शिंगांचा दुसरा फायदा लोक विसरतात. पोलादी, अजिबात न वाकणारी शिंगं घेतली तर धागा थोडासा सरकताच सगळा ताण निघून जातो. वरच्या प्लास्टिकच्या शिंगांनी १० न्यूटनला प्रत्येकी अर्धा मिमी माघार घेतलेली असते. धागा जरा लांबला तर ती मागे येऊन तो पुन्हा ताणतात. म्हणून अतिताठ बेचकं हे यश मानू नका.

एक अडचण मात्र राहते. प्लास्टिक सतत ताणाखाली ठेवलं की हळूहळू हार मानतं. कारखान्यात ताणून बांधलेला धागा खोक्यात महिनोन्महिने पडून राहतो तेव्हा शिंगं आत वळलेली राहतात आणि ताण उतरलेला असतो. पुन्हा वापरायच्या साधनात याला सोपा उपाय आहे: ताण वापरण्याच्या वेळीच द्यायचा, खटका किंवा तरफ दाबून, आणि काम झालं की सोडायचा.

प्रश्न: ताण देणं आणि सोडणं अंगठ्यानेच करता येईल का?

येईल, आणि माझ्या मते याच दिशेने जावं. मुठीवर अंगठ्याखाली एक तरफ. दाबली की धागा ताठ, सोडली की एखाद मिलिमीटर सैल. वरचं गणित इथे आपल्या बाजूने काम करतं. १ मिमी सोडला की जवळपास ३ मिमी झोळ मिळतो, आणि तेवढ्या झोळीने धागा दाताच्या गोलाईला बिलगतो. म्हणजे तरफेची हालचाल अगदी छोटी पुरते. मी पहिल्या नमुन्यात ६ मिमीची हालचाल ठेवली होती आणि अंगठा दुखून यायचा.

उलटंही करता येतं: सैल ही मूळ स्थिती आणि दाबल्यावर ताठ, की ताठ ही मूळ स्थिती आणि दाबल्यावर सैल? बोटांत जोर कमी असलेल्यांसाठी दुसरी निवडा. जोर लागायचं काम स्प्रिंगने करावं, माणसाने फक्त सोडावं.

प्रश्न: टेकलेल्या जागेतून धागा अचानक सुटतो आणि हिरडीला लागतो. हे कसं टाळायचं?

धागा अडतो तेव्हा तो वर वाकलेला असतो आणि हाताचा सगळा जोर त्यात साठतो. जागा सुटली की तो जोर एकदम खाली जातो. झोळ जितका जास्त तितकी ही उडी मोठी, म्हणजे ढिलं बेचकं हिरडीला अधिक दुखवतं. लोकांना नेमकं उलटं वाटतं. सैल म्हणजे मऊ असं त्यांना वाटतं.

उपाय तीन, आणि तिन्ही वापरा. ताण आधीच दिलेला असू द्या. बेचक्याच्या तळाशी मऊ रबरी थांबा द्या, तो दाताच्या माथ्यावर टेकला की पुढे जाता येत नाही. आणि मूठ अशी करा की माणसाचा हात आपोआप करवतीसारखा पुढे-मागे हलेल, खाली दाबणार नाही. शेवटचं सर्वांत अवघड आहे. सरळ, लांब मूठ मुठीत धरली की माणूस दाबतो. पेनासारखी धरावी लागली की तो हळू चालतो. म्हणून मी मुठीच्या पुढच्या भागात अंगठा आणि तर्जनीसाठी चपटे खळगे ठेवतो.

प्रश्न: एफ आकार चांगला की वाय?

दोन्ही आपापल्या जागी. धागा नेहमी गाल-जीभ किंवा ओठ-जीभ या दिशेने असायला हवा. समोरच्या दातांना ही दिशा मुठीच्या रेषेत येते, म्हणून धागा मुठीला समांतर असलेला एफ आकार तिथे बसतो. दाढांपाशी मूठ दातांच्या रांगेच्या दिशेने आत जाते, त्यामुळे धागा मुठीला आडवा हवा. तिथे वाय आकार किंवा ब्रशसारखं वळवलेलं डोकं लागतं. एफ घेऊन दाढेकडे गेलात तर मूठ गाल बाहेर ढकलते.

एकच साधन दोन्हीकडे चालवायचं असेल तर आडव्या धाग्याचं डोकं घ्या. समोरच्या दातांना मनगट वळवून ते कसंबसं चालतं. एफ दाढांना बहुतेकांच्या हातात चालतच नाही. फिरणारं डोकं बसवायची कल्पना प्रत्येकाला सुचते, मलाही सुचली. सांध्यात घाण साचते आणि डुलायला लागलं की ताण जातो. शक्य तर टाळा.

प्रश्न: मूठ किती लांब, किती जाड?

लांबी ब्रशइतकी, १५ ते १८ सेंमी. समोरच्या दातापासून शेवटच्या दाढेच्या मागच्या कडेपर्यंत साडेचार-पाच सेंमी आत जावं लागतं, आणि त्याच्या पुढे मूठ ओठांबाहेर हातात यायला हवी. संधिवात असलेल्यांसाठी मूठ जाड करा, पण वजन वाढवू नका, आत पोकळी ठेवा. ओल्या हातातून सटकू नये म्हणून वर रबरासारखं मऊ आवरण. नक्षी खोल नको, टूथपेस्ट अडकून काळी पडते.

प्रश्न: धागा कुठला घ्यावा?

बहुतन्तू नायलॉन पसरट होतो, थर चांगला पुसतो, पण घट्ट फटीत किंवा भरलेल्या दाताच्या धारेवर उसवतो. मेण लावलेला असेल तर सहज सरकतो. ओला झाला की किंचित लांबतो, आणि झोळीचं गणित तुम्ही वर वाचलंच आहे. पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचा पट्टीसारखा धागा, अगदी घट्ट फटीतून लोण्यासारखा जातो. पण जो फटीतून सटकतो तो तुमच्या पकडीतूनही सटकतो. त्याच्यासाठी नुसती खाच पुरत नाही, दोन-तीन वेढे द्यावेच लागतात. एकदा वापरून फेकायच्या बेचक्यांत बऱ्याचदा अतिउच्च रेणुभाराचं, म्हणजे फार लांब रेणूंचं, पॉलिथिलीन वापरतात. ते ताणत नाही आणि सहज तुटत नाही.

प्रश्न: धागा पकडायचा कसा?

सगळ्यांत भरवशाची पद्धत जुनीच: शिंगाच्या टोकावरच्या खाचेतून धागा खाली आणायचा, मुठीवरच्या बटणाभोवती दोन-तीन वेढे द्यायचे आणि शेवट निमुळत्या फटीत खोचायचा. प्रत्येक वेढ्याने पकडीवर येणारा ताण झपाट्याने घटतो, होडीचा दोर खुंट्याला गुंडाळतात तसा. म्हणून शेवटची खोच हलकी असली तरी चालते.

धागा जिथे जिथे वळतो तिथली कड गोल करा. साच्यातून निघालेली धारदार कड धागा कापते आणि आपल्याला वाटतं धागाच कच्चा. माझ्या एका नमुन्यात सलग चार दिवस धागा एकाच शिंगापाशी तुटत होता. भिंगाखाली पाहिलं तर दोन साच्यांच्या जोडावरची केसाएवढी धार निघाली.

प्रश्न: प्रत्येक फटीला नवा धागा द्यावा का? मग मुठीत रीळ ठेवावं लागेल.

बोटांनी करताना साधारण ४५ सेंमी धागा घेतात, तो याचसाठी, दर फटीला स्वच्छ भाग यावा म्हणून. अक्कलदाढा सोडून २८ दात धरले तर वर १३ आणि खाली १३, एकूण २६ फटी. एकच दीड सेंमी धागा सगळीकडे फिरवणं बरोबर नाही, निदान मध्येच धुऊन घ्यावा.

मुठीत रीळ, पुढे ढकलायचं चाक आणि मागे वापरलेला धागा गुंडाळायची दुसरी फिरकी, ही रचना कागदावर सुंदर दिसते. प्रत्यक्षात वापरलेला ओला धागा मुठीच्या आत साठतो आणि वास येऊ लागतो. हा मार्ग घेणार असाल तर वापरलेला धागा बाहेरच जाऊ द्या आणि तो तोडायला पातं द्या. माझं मत विचाराल तर बटणावर हाताने गुंडाळायची साधी मूठ अधिक टिकते आणि ती पूर्ण धुता येते.

प्रश्न: थ्रीडी प्रिंट करून तोंडात घालू का?

मापं तपासायला प्रिंट कराच, टायपोडॉन्टवर, म्हणजे दातांच्या सरावाच्या मॉडेलवर, चालवून बघा. तोंडात घालण्याबद्दल मात्र दोन गोष्टी. तार वितळवून थरांवर थर देणाऱ्या प्रिंटमध्ये थरांच्या मधल्या खाचा जिवाणूंना घर देतात, आणि थरांच्या जोडावर शिंग मोडतं. शिंग आडवं झोपवून छापा, म्हणजे थर त्याच्या लांबीने जातील. पीएलए, म्हणजे अशा प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून गरम पाण्याने धुणं बाद. द्रवरूप रेझिनचे प्रिंट गुळगुळीत येतात, पण नीट न पिकलेलं, म्हणजे पूर्ण घट्ट न झालेलं, रेझिन त्वचेला आणि तोंडाला त्रासदायक असतं. तोंडासाठी तपासलेलं रेझिनच वापरा आणि सांगितलेला धुण्या-पिकवण्याचा वेळ पूर्ण द्या.

प्रश्न: उत्पादनासाठी कुठलं प्लास्टिक?

पॉलिप्रोपिलीन स्वस्त, चिवट आणि उकळत्या पाण्याला दाद न देणारं. पॉलिस्टायरीन ताठ पण ठिसूळ, एकदा वापरून फेकायच्या वस्तूंना ठीक. खटक्याचे आणि दातऱ्यांचे भाग असतील तर ॲसिटल, ते घासून सहजी झिजत नाही. साचा करताना शिंगाच्या बुंध्याशी गोलाई द्या, तिथेच ताण एकवटतो. प्लास्टिक आत शिरण्याचं तोंड ओठांना लागणाऱ्या बाजूला ठेवू नका. एकदा वापरायच्या बेचक्यांत धागा नंतर बांधत नाहीत. तो साच्यातून आधीच ताणून नेतात आणि त्याच्यावर प्लास्टिक ओततात.

प्रश्न: घरी चाचणी कशी करू?

अर्ध्या किलोचं वजन हुकाने धाग्याच्या मध्यावर टांगा आणि झोळ मोजा. दोन मिमीच्या आत असेल तर छान. मग धागा पाच मिनिटं पाण्यात भिजवून पुन्हा मोजा. नंतर टायपोडॉन्टच्या घट्ट फटीतून तीस वेळा नेऊन पुन्हा. बहुतेक नमुने तिसऱ्या वेळी नापास होतात. पहिला आकडा पाहून खूश झालेले पुष्कळ पाहिले आहेत.

पुसण्याच्या कामासाठी मॉडेलमधल्या दातांच्या बाजूच्या भिंतींवर धुता येणारा रंग पातळ लावून वाळवा, मग धागा चालवून दात काढून बघा. कुठला भाग रंगलेलाच राहिला ते लगेच दिसतं. स्वतःच्या तोंडात बघायचं तर प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या चावून आरशात पाहा. जीभ दोन-चार तास लाल राहते, कुठे जायचं असेल तर आधी विचार करा.

प्रश्न: कुठले नियम लागू होतात?

धागा आणि मूठ एकत्र असलेल्या साधनांसाठी आयएसओ २८१५८ हे मानक आहे. दातांच्या फटीतल्या छोट्या ब्रशचं वेगळं, आयएसओ १६४०९. शरीराला लागणाऱ्या पदार्थांच्या जैविक तपासणीसाठी आयएसओ १०९९३ ची मालिका. अमेरिकेत फ्लॉस पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या वर्गातलं वैद्यकीय साधन मानलं जातं. इतर लोकांच्या तोंडात नमुना द्यायचा असेल तर दंतवैद्य सोबत असू द्या आणि लेखी संमती घ्या.

प्रश्न: तारा किंवा ब्रिज असलेल्यांसाठी वेगळं काय?

ब्रेसेसची तार वरून धागा आत जाऊ देत नाही. अशा साधनात ओठांकडचं शिंग इतकं बारीक आणि चपटं करावं लागतं की ते तारेखालून सरकेल. ब्रिजच्या, म्हणजे शेजारच्या दातांना जोडून बसवलेल्या कृत्रिम दाताच्या, खाली तर बेचकं जातच नाही, तिथे ताठ टोकाचा धागा ओवून घ्यावा लागतो. सगळ्यांसाठी एकच साधन करायच्या नादात हे दोन गट ओढून आणू नका.

प्रश्न: लहान मुलांसाठी नुसतं लहान करू का?

डोकं लहान, मूठ मोठीच. कारण मूठ पालकांच्या हातात असते. दुधाच्या दाढा एकमेकींना टेकल्या की मधल्या भिंतींवर कीड धरते आणि ती दिसतही नाही, म्हणून धागा तेव्हापासून लागतो. सुटणारे छोटे भाग ठेवू नका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंसाठी ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत भाग मावतो का ते बघतात, मावला तर तो घशात अडकू शकतो.

प्रश्न: मोटर बसवून कंपन दिलं तर?

धागा फटीत शिरायला मदत होते, पुसण्याचं काम मात्र हातालाच करावं लागतं. पाण्याच्या झोताचं यंत्र ही वेगळीच जात. ते १९६२ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथे दंतवैद्य जेराल्ड मॉयर आणि अभियंता जॉन मॅटिंग्ली यांनी केलं.

प्रश्न: फ्लॉसचा उपयोग सिद्धच झालेला नाही म्हणतात, मग इतकी मेहनत कशाला?

२०१६ मध्ये अमेरिकी आहार-मार्गदर्शनातून फ्लॉसचा उल्लेख वगळल्याची बातमी गाजली आणि तेव्हापासून हा प्रश्न दर महिन्याला येतो. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ३५ चाचण्या तपासल्या होत्या. नुसत्या ब्रशपेक्षा ब्रश आणि फ्लॉस मिळून हिरड्यांची सूज कमी होऊ शकते असं त्यात निघालं, आणि फटीतले छोटे ब्रश कदाचित फ्लॉसपेक्षा सरस. पुरावा मात्र कमकुवत, कारण चाचण्या लहान आणि थोड्या काळाच्या. किडीवर काय परिणाम होतो ते त्यातून ठरत नाही.

माझं वाचन असं: त्या चाचण्यांत धागा वापरणारी माणसं आपल्यासारखीच, अर्धवट वापरणारी. वरचं दुसरं काम राहून गेलं तर आकडे कसे सुधारणार? फटी रुंद असतील तर छोटा ब्रशच घ्यावा, त्यात वाद नाही. घट्ट फटीत तो शिरत नाही, तिथे धागाच.

प्रश्न: हिरडीतून रक्त आलं तर साधन दोषी का?

सुजलेल्या हिरडीतून पहिले काही दिवस रक्त येतं आणि रोज केल्यावर थांबतं. दोन आठवड्यांनीही येत असेल तर दंतवैद्याकडे जा. एकाच जागी, चिरल्यासारखं आणि दुखून आलं तर मात्र आपल्या साधनाची उडी मोजा.

प्रश्न: हे सगळं आधी कोणी केलेलं असेल ना? पेटंटचं काय?

मेण लावलेल्या रेशमी धाग्याबद्दल न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी १८१९ मध्येच लिहून ठेवलं आहे. १८९८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनला पेटंट मिळालं, आणि १९४० च्या दशकात डॉक्टर चार्ल्स बास यांनी रेशमाऐवजी नायलॉन आणलं. धागा धरायच्या बेचक्यांची पेटंटं तर ढीगभर आहेत. जुनी चाळा, कारण मुदत अर्जापासून साधारण २० वर्षांची असते आणि संपलेल्यांतल्या युक्त्या वापरायला मोकळ्या असतात. स्वतःचा अर्ज करायचा विचार असेल तर त्याआधी नमुना जाहीर दाखवू नका. अनेक देशांत तेवढ्यानेच नावीन्य बाद ठरतं.

प्रश्न: वापरताना काहीतरी मोडणारच. काय मोडावं?

धागा, आणि तोही बटणापाशी, तोंडाबाहेर. शिंग कधीच नाही. शिंगाची ताकद धाग्याच्या तुटण्याच्या ताणाच्या दुप्पट तरी ठेवा आणि तोडूनच खात्री करा: पन्नास वेळा वाकवलेल्या, गरम पाण्यात धुतलेल्या शिंगावर, नव्या कोऱ्यावर नव्हे. मोडलंच तर टोकदार सुळका उरतोय की मऊ वाकलेला तुकडा, तेही बघा. पॉलिस्टायरीन सुळके देतं, पॉलिप्रोपिलीन वाकून पांढरं पडतं.